शरीर शायनं आहे

आमच्या गल्लीत सकाळी भेटल्यावर लोक एकमेकांना रामराम करतात. दौलतकाका तेवढे "पोट साफ झालं काय?" असं विचारतात. तेही उभं राहून नाही. सकाळी साडेसहा ते सात ते स्वतःच्या ओट्यावर उताणे पडलेले असतात. बनियन छातीपर्यंत गुंडाळलेलं, पोटावर काळ्या मातीचा दोन बोटं जाड ओला थर आणि त्यावर जुन्या पंच्याचा तुकडा. दिग्रसच्या बसस्टँडला जायचा जवळचा रस्ता आमच्याच गल्लीतून आहे, त्यामुळे दूधवाला, शिकवणीला निघालेल्या पोरी, पुसदची गाडी पकडायला धावणारे लोक, सगळ्यांना हा प्रश्न पडल्यापडल्या विचारला जातो. नवीन माणूस बिचकतो. जुना माणूस "झालं काका" म्हणून सटकतो, कारण "नाही झालं" म्हणणाऱ्याची पुढची पंधरा मिनिटं गेलीच म्हणून समजा.

मी इथल्या एका शाळेत गणित शिकवतो आणि गेली अकरा वर्षं काकांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. म्हणजे अकरा वर्षं माझ्या पोटाची सगळी खबर त्यांना आहे.

काका डॉक्टर नाहीत, वैद्यही नाहीत. ते जिनिंगमध्ये फिटर होते. तीस वर्षं त्यांनी सरकी वेगळी करणाऱ्या मशिनींचे पट्टे चढवले, बेअरिंगं बदलली. निवृत्त झाल्यावर कुठल्याशा निसर्गोपचार शिबिराला दहा दिवस जाऊन आले, येताना एक पुस्तक घेऊन आले आणि त्या दिवसापासून घरातल्या सगळ्या गोळ्या बंद झाल्या. पुस्तकाची आता पानं सुटली आहेत. पण काकांचं खरं तत्त्वज्ञान पुस्तकातलं नाही, जिनिंगमधलंच आहे, असं माझं मत आहे. आणि त्याचा पुरावा ते स्वतःच उजव्या हाताच्या तर्जनीवर घेऊन फिरतात.

ऐन हंगामात एकदा त्यांचं बोट मशिनीत सापडलं होतं. पेरापासून जवळजवळ लोंबत होतं म्हणे. आज तिथे फक्त एक पांढरी रेघ आहे. नवीन माणूस भेटला की काका ते बोट त्याच्या नाकासमोर धरतात.

"हे पाहा. पट्टा तुटला त मशीन सोताचा सोता जोडते काय?"

"नाही."

"मंग हे कोनं जोडलं?"

काका बोट मागे घेतात आणि त्यांचं ठरलेलं वाक्य टाकतात, "शरीर शायनं आहे. आपुनच येडे. आपुन मधात नाही पडाचं."

हे वाक्य होईपर्यंत आतून, स्वयंपाकघरातून, सिंधूकाकूंचा आवाज आलेला असतो, "पाच टाके पडले होते जी! ते बी सांगा!"

काका ऐकू न आल्यासारखं करतात. त्यांच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, तेवढा सराव पुरेसा आहे.

त्यांच्या पोटावरची मातीसुद्धा साधी नसते. आमच्याकडे काळी माती जिकडे तिकडे आहे, चपलेला लागली की चप्पल उचलवत नाही. पण कपाशीच्या वावरातली माती काकांना चालत नाही. तिथे खत पडतं, फवारा पडतो. "जे मातीले पाजलं ते पोटाले पाजाचं काय?" म्हणून ओळखीच्या माणसाच्या शेतात विहीर खणायला घेतली की काका तिथे हजर. दोन पुरुष खोलीवरची माती पोत्यात भरून ते एसटीने आणतात. एकदा कंडक्टरने पोत्याला हात लावून विचारलं, काय आहे. काका म्हणाले, औषध आहे. त्याने तोंड सोडून पाहिलं. मग त्याने काकांकडे पाहिलं. पुढे दिग्रसपर्यंत काकांनी त्याला पोट कसं साफ ठेवावं ते सांगितलं आणि उतरताना त्यानेच पोतं खाली धरून दिलं.

उपचार घ्यायला लोक येतात, नाही असं नाही. काका एक पैसा घेत नाहीत, पण प्रश्न फार विचारतात. आमच्या कोपऱ्यावर सलीमभाईंचं मोटरपंप दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांचं डोकं दुखायचं. रोज दुपारनंतर दुखायचं. काकांनी त्यांना ओट्यावर बसवलं आणि अर्धा तास चौकशी केली. रात्री काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, झोप लागते का, खिडकी कोणत्या बाजूला आहे. शेवटी विचारलं, "कोनाशी बोलचाल बंद आहे काय?"

सलीमभाई म्हणाले, "बडे भाई से. आठ महिने हो गये. पन उसका क्या संबंध?"

"मशीन आवाज करून राह्यली त आमी ऑइल नाही टाकत बसत. आवाज काहून येते ते पाह्यतो. गोळी म्हनजे निस्तं ऑइल. भावाकडं जाऊन या."

सलीमभाई गेले. दोघं भाऊ बसून जेवले. पुढच्या आठवड्यापासून डोकं दुखायचं थांबलं आणि ही हकिकत काकांनी अर्ध्या दिग्रसला सांगितली. त्याच आठवड्यात सलीमभाईंनी चष्म्याचा नंबरही बदलून घेतला होता. पण ते काकांना सांगायचं नाही असं आम्हा दोघांत ठरलेलं आहे. भावांची बोलचाल सुरू झाली हे तर खोटं नाही.

माझ्यावरही प्रयोग झाले. मला आम्लपित्ताचा त्रास. काकांनी माझ्या चहाचे कप मोजले, आठ निघाले. मग त्यांनी मला एक दिवस नुसत्या लिंबूपाण्यावर ठेवलं. "कुत्रं बिमार पडलं त खाते काय? गाय बिमार पडली त खाते काय? मानूसच येवढा येडा आहे का ताप आला तरी शिरा मांगते. पोटाले सुटी द्या मास्तर. पोट रिकामं झालं का शरीर दुरुस्तीच्या कामाले लागते." मला ते पटलं. दुपारी मधल्या सुट्टीपर्यंत पटलेलं होतं. मग शाळेसमोरच्या गाडीवर आलुबोंडे तळायला घेतले आणि मी दोन खाल्ले.

संध्याकाळी काकांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

"किती खाल्ले?"

"दोन."

मला वाटलं आता ओरडतील. पण ते माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "मी तुमाले नीट समजून नाही सांगतलं, हे माही चूक. दवाई देनारा काही मोठा नाही. समजून सांगनारा मोठा. तुमी मास्तर आहा, तुमाले त हे मालूम पाह्यजे." मी वीस वर्षं शिकवतो आहे. उत्तर चुकलं तर पोराची चूक, असं मी धरून चालत होतो. त्या दिवशी मला जरा शरम वाटली.

आणखी एक खोड सांगायची राहिली. काका घास बत्तीस वेळा चावतात. बोटाच्या पेरांवर अंगठा सरकवत मोजतात. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसू नये. पहिली पंगत उठते, दुसरी बसते, काका अजून वरणभातावर असतात. वाढणारा पोरगा जिलबी घेऊन तीनदा येऊन जातो. मध्ये कुणी बोललं तर मोजणी चुकते आणि काका एकपासून सुरू करतात. काकू म्हणायच्या, "ह्यायचं जेवन होयेपर्यंत माह्या दुसऱ्या सैपाकाची येळ होते." असं म्हणत त्या समोर बसून राहायच्या. काकांचं ताट उचलल्याशिवाय त्यांनी स्वतःचं वाढून घेतलेलं मी कधी पाहिलं नाही.

असे हे दिवस छान चालले होते. पोळा झाला, आणि पोळ्यानंतर आमच्याकडे दरवर्षी येतात तसे ताप आले. घरटी एक माणूस पडलं. तशा काकूही पडल्या.

पहिल्या दिवशी कुणी फार मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी काकांच्या दोरीवर ओल्या पट्ट्या वाळत घातलेल्या दिसल्या. तिसऱ्या दिवशी सुनंदा, माझी बायको, डबा घेऊन गेली आणि चेहरा पाडून परत आली. "अहो, काकूंना उठून बसवत नाही. अंग भाजतंय. तुम्ही काकांशी बोला, ते माझं ऐकत नाहीत." मी बोलायचं टाळलं. खरं सांगायचं तर मला त्यांच्याशी वाद घालायची भीती वाटायची, कारण वादात ते हरत नसत. चौथ्या दिवशी संध्याकाळी मात्र मी गेलो.

काकू आतल्या खाटेवर होत्या. काका त्यांच्या पोटावरची पट्टी बदलत होते. इतक्या हलक्या हाताने बदलत होते की मला एकदम काही बोलवेना. पण बोललो.

"काका, ह्यांना यवतमाळला नेऊ. रक्त तरी तपासून घेऊ."

"ताप म्हनजे बिमारी नाही मास्तर. ताप म्हनजे शरीर कामावर आहे. आतला कचरा जाळून राह्यलं ते. आपुन मधात नाही पडाचं."

"चार दिवस झाले."

"लागतात चार दिवस. सात बी लागतात."

"आणि सातव्या दिवशी काही कमीजास्त झालं तर? मग ही माती कुणाच्या पोटावर बांधणार?"

हे मी बोललो. बोलायला नको होतं. काकांचा हात पट्टीवर तसाच थांबला. वादात कधी न हरणारा माणूस गप्प बसला, तरी मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. मी चपला घालून घरी आलो आणि सुनंदालाही काय बोलून आलो ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ओटा रिकामा होता. दाराला कुलूप होतं. दूधवाल्याला काका सांगून गेले होते की काकूंच्या माहेरी, मुकुटबनला जातो, तिच्या भाच्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आहे, चार-आठ दिवस दूध नको.

मला संताप आला. एवढ्या तापात बाईला घेऊन हा माणूस जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला साक्षगंधाला गेला! मला सरळ दिसत होतं की आम्ही मध्ये पडू नये म्हणून तो तिला घेऊन पळाला होता. फोन लावला तर बंद. तीन दिवस मी कुलपाकडे पाहायचो आणि मनातल्या मनात काकांना वाट्टेल ते बोलायचो. सुनंदा बोलायची नाही, पण जेवताना तिचा घास हातात राहायचा. ओट्यावरून जाणारे लोक सवयीने तिकडे पाहायचे. त्यांना कुणी काही विचारायचं नाही.

चौथ्या दिवशी शाळेच्या कामाने मला यवतमाळला जावं लागलं. कागद दिले, काम झालं, दोनच्या सुमारास परतीच्या गाडीसाठी निघालो. वाटेत एका मोठ्या दवाखान्यासमोर औषधांच्या दुकानांची ओळ आहे. त्यातल्या एका दुकानापुढे रांग होती आणि रांगेत दौलतकाका उभे होते.

त्यांनी टोपी कपाळावर ओढली होती. हातात चिठ्ठी होती आणि ती चोरीचा माल असल्यासारखी त्यांनी मुठीत दाबून धरली होती. मी हाक मारली तसे ते चक्क समोरच्या जाड्या माणसाच्या आड झाले. मग त्यांना कळलं की आता उपयोग नाही.

"पोट साफ झालं काय मास्तर?" ते म्हणाले. पण आवाज त्यांचा नव्हता.

"काका, काकू?"

"आहे. वर आहे. दुसऱ्या माळ्यावर." आणि मग खाली बघत, "रक्तातल्या पेशी बम कमी झाल्या होत्या. सलाइन लावलं. आता चढून राह्यल्या म्हनते डॉक्टर."

रांग पुढे सरकली. काकांनी गोळ्या घेतल्या. पंधरा वर्षांत ज्या माणसाने औषधाच्या दुकानाची पायरी चढली नव्हती, तो प्रत्येक पाकीट चिठ्ठीशी ताडून पाहत होता, तारीख वाचत होता, "हे जेवल्यावर का जेवनाच्या पयले?" असं दोनदा विचारत होता. दुकानदार कंटाळला. मग आम्ही बाहेर कट्ट्यावर टेकलो.

"मुकुटबन कशाला सांगितलंत?" मी विचारलं. "आम्ही हसलो नसतो."

"तुमची लाज नाही वाटली मास्तर. तिची वाटली. चार दिवस तिले निस्ती माती बांधून ठेवलं मी." त्यांनी चिठ्ठीची घडी घातली. "तुमी त्या दिवशी बोलून गेले. मी रागात होतो. मंग तिले पानी पाजाले गेलो. तिनं डोये उघडले अन् मले म्हने, 'दादा, तुमी कोनाच्या घरचे?'"

काकांनी गोळ्यांची पिशवी मांडीवर घेतली.

"बेचाळीस वर्सं, मास्तर. कोनाच्या घरचा म्हने. पडलो मंग मधात. बोलावली गाडी."

त्यांनी उजवा हात पुढे केला. मला वाटलं तीच जुनी गोष्ट सुरू करणार. पण ते स्वतःच त्या पांढऱ्या रेघेकडे पाहत होते.

"ह्याले पाच टाके पडले होते," ते म्हणाले. "डॉक्टरनं मारले होते. मी सांगत नाही कोनाले. पन टाक्यानं बोट जुळत नाही, हे बी खोटं नाही. टाका दोन कडा जवळ आनते अन् धरून ठेवते. जोडते ते शरीरच. मी तीस वर्सं निस्तं जोडलं कोनं तेच सांगत बसलो. धरलं कोनं, ते नाही सांगतलं."

इतकं सगळं बोलून ते उठले आणि एकदम भिंतीला धरून उभे राहिले. तेव्हा मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. ओठ वाळलेले, डोळे आत गेलेले, शर्ट खांद्यावरून लोंबत होता.

"काका, जेवलात का?"

"नाही."

"सकाळपासून?"

"गाडीत बसलो तवापासून."

म्हणजे चार दिवस. मी चिडलो, इथे खानावळी नाहीत का म्हणालो. काकांनी मला हाताने गप्प केलं आणि अगदी समजून सांगण्याच्या सुरात, जसं ते ओट्यावर सांगतात तसं, म्हणाले, "तापात लंघन पाह्यजे. पन दवाखान्यातले लोक तिले दोन टाइम खाऊ घालतात. खा म्हनतात, ताकद येईन म्हनतात. डॉक्टर सांगते त मी नाही कसं म्हनू? मंग उपास कोन करन? तिच्या वाट्याचा मी करून राह्यलो."

गणिताच्या मास्तरला यात चूक दाखवता आली असती. मी दाखवली नाही. आम्ही जिना चढलो. काका कठड्याला धरून एकेक पायरी चढत होते आणि गोळ्यांची पिशवी त्यांनी माझ्या हातात दिली नाही.

काकू खिडकीजवळच्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. अर्ध्या झाल्या होत्या, पण मला पाहून हसल्या. "भाऊ आले काय? सुनंदा कशी आहे?" आणि लगेच तक्रार, "ह्यायले काही खाले सांगा जी. मले म्हनते खाली जेवून आलो. चार दिवसापासून खोटं बोलते. मले काय तोंड पाहून समजत नाही?"

नर्स आली. तिने थर्मामीटर लावला, पाहिला आणि म्हणाली, "काकू, कालपासून ताप नाही. उद्या डॉक्टर सुट्टी देतील बहुतेक."

काकांनी मान हलवली. नर्स गेल्यावर ते खाटेजवळ गेले आणि त्यांनी मनगटाची मागची बाजू काकूंच्या कपाळाला लावली. मग गळ्याला लावली. मग पुन्हा कपाळाला. बराच वेळ लावून ठेवली. काकू शहाण्या पोरीसारख्या डोळे मिटून बसल्या.

"उतरला," काका म्हणाले.

"मंग बसा," काकू म्हणाल्या. बशीत मोसंबी सोललेली होती. त्यातली एक फोड काकूंनी सुई लावलेल्या हाताने उचलली. ती फोड त्यांनी काकांच्या तोंडासमोर धरली. मी दुसरीकडे पाहायला हवं होतं, पण पाहिलं नाही.

काकांनी फोड तोंडात घेतली. त्यांचा अंगठा सवयीने बोटाच्या पेरावर गेला आणि तिथेच राहिला. पुढे सरकला नाही. त्यांचा गळा हलला आणि फोड तशीच्या तशी आत गेली.

"चावली नाही जी तुमी," काकू म्हणाल्या.

काकांनी टोपी काढली आणि टोपीनेच डोळे पुसले.

"राहू दे वं," ते म्हणाले. "पोट शायनं आहे. पाहून घेईन ते."